बाबा ७४, वॅगनआर ११ वर्षांची – फुल इन्शुरन्स ठेवू की नुसतं थर्ड पार्टी?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आईबाबा नाशिकला इंदिरानगरला असतात, मी बंगळुरूला. बाबांचं वय ७४, गाडी वॅगनआर पेट्रोल, ११ वर्षं झाली, पहिल्यापासून त्यांच्याच नावावर आणि तेच चालवतात. चालवतात म्हणजे काय, भाजी, बँक, दर गुरुवारी मठ आणि महिन्यातून एकदा सिन्नरला काकांकडे. वर्षाला दोन हजार किमी पण होत नसतील. आई कायम शेजारच्या सीटवर, कारण ब्रेक कधी मारायचा हे तीच सांगते.

पॉलिसी ११ दिवसांनी संपतेय. एजंट काका घरी येऊन सांगून गेले की साहेब आता तुमची सत्तरी उलटली, कंपनी वयाचं लोडिंग लावते म्हणजे वय बघून जादा प्रीमियम घेते, फुल पॉलिसी उगाच महाग पडेल, थर्ड पार्टी करून टाका. हे काका बाबांच्या स्कूटरपासूनचे एजंट आहेत त्यामुळे बाबांना त्यांचा शब्द म्हणजे पूर्वदिशा.

मी कोटेशन मागवलं ते असं: आयडीव्ही (गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत) १,४०,००० धरून ओन डॅमेज म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचं २,२६० (५० टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, वजा करून), थर्ड पार्टी २,०९४, पीए (मालक-चालकाचा अपघात विमा) ३७५, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,५८०. नुसतं थर्ड पार्टी आणि पीए घेतलं तर २,९१३. म्हणजे फरक २,६६७ चा.

आता खरं सांगते, पैशाचा प्रश्न नाहीये. गेल्या दोन वर्षांत गाडीच्या डाव्या बाजूला सोसायटीच्या गेटचा पिवळा रंग लागलाय दोनदा, आणि मागचा बंपर केबल टायने बांधलाय तो बाबांनी मला व्हिडिओ कॉलवर कधीच दाखवला नाही, दिवाळीत घरी गेल्यावर कळलं. म्हणून विचारतेय की या वयात नेमकं कुठलं कव्हर लागतं? आणि वयाचं लोडिंग हा प्रकार खरंच असतो का?

---

निवृत्त_सर्वेअर

ताई, मी २८ वर्षं मोटर लॉस सर्वे केलेत, आता घरी बसून नातवाच्या सायकलचे करतो.

आधी लोडिंगचं. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांना एकच. हजार सीसीपर्यंत २,०९४, हजार ते दीड हजार सीसी ३,४१६, त्याच्या वर ७,८९७, हे जून २०२२ पासूनचे दर. तुमची वॅगनआर ९९८ सीसी, म्हणून २,०९४. यात चालवणारा २४ चा का ७४ चा हे कुणी विचारतच नाही. ओन डॅमेजचं जुनं टॅरिफ होतं त्यातही गाडीचा सीसी, गाडीचं वय, आयडीव्ही आणि झोन एवढंच बघायचे. पुणे मुंबई झोन ए मध्ये, नाशिक बी मध्ये, म्हणून तुम्हाला थोडं स्वस्त पडतं. २००७ पासून ओन डॅमेजचे दर कंपन्या आपापले लावतात हे खरं, पण तुमच्याच कोटेशनमध्ये बघा, लोडिंगची ओळ कुठे आहे? नाहीये. इथे वय मोजतात ते गाडीचं, बाबांचं नाही. दहा वर्षांच्या पुढच्या गाडीचं ओन डॅमेज घ्यायला बऱ्याच कंपन्या कां कू करतात, इन्स्पेक्शन लावतात, एजंटला फेऱ्या मारायला लागतात. काकांना तो व्याप नको असेल. वाईट माणूस असेल असं नाही म्हणत मी.

आता कव्हर. तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात, आई कायम शेजारच्या सीटवर. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी ही रस्त्यावरच्या लोकांसाठी असते. उद्या बाबांच्या चुकीने गाडी दुभाजकावर गेली आणि आईंना लागलं तर थर्ड पार्टीवाली कंपनी हात वर करते की खाजगी गाडीत बसलेला माणूस यात येत नाही, आणि कोर्टात हे भांडण वर्षानुवर्षं चालतं. पॅकेज पॉलिसी, म्हणजे तुमचं फुल इन्शुरन्स, असेल तर गाडीत बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते, विमा नियामक आयआरडीएचं तसं परिपत्रक २००९ चं आहे आणि सुप्रीम कोर्टानेही २०१२ मध्ये ते मान्य केलंय. लोकांना वाटतं फुल इन्शुरन्स म्हणजे बंपर आणि काचा. शोरूमवालेही तेच सांगतात. पण म्हातारा नवरा चालवतोय आणि म्हातारी बायको शेजारी बसलीय अशा गाडीत बंपर गेला खड्ड्यात, मी त्या डाव्या सीटसाठी पॅकेज घ्या म्हणेन.

शिवाय अननेम्ड पॅसेंजर पीए, म्हणजे गाडीत बसलेल्या कोणाचाही अपघात विमा, विचारा. एका सीटला एक लाखाचं कव्हर ५० रुपयांना, पाच सीटचे २५०. यात चूक कोणाची हे बघत नाहीत. आणि लांबच्या प्रवासाला कधी रोजंदारीवर ड्रायव्हर घेत असाल तर पेड ड्रायव्हर लीगल लायबिलिटी, म्हणजे त्या ड्रायव्हरला काही झालं तर मालकावर येणारी जबाबदारी, ५० रुपये, तेही टाका.

प्रपोजल नीट वाचा. टीपीपीडी मर्यादित असा एक पर्याय असतो, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांऐवजी फक्त ६,००० पर्यंत. त्याबद्दल सूट किती, तर १०० रुपये. काही एजंट प्रीमियम कमी दाखवायला हळूच टिक करून ठेवतात. बाबांनी उभ्या असलेल्या मोठ्या गाडीला मागून टेकवलं तर सहा हजारात तिचा एक दिवा पण येत नाही हो.

---

हिशोबी_माणूस

सर्वेअर साहेबांचा आदर आहे पण मी उलटं सांगतो. २,६६७ गुणिले पाच म्हणजे तेरा हजार तीनशे. तेवढ्यात पाच वर्षांत आयडीव्ही ऐंशी हजारावर येईल. आणि क्लेम केलाच तर हातात काय येतं ते बघा. समजा तो बंपर सहा हजाराला पडला. प्लास्टिक पार्टवर ५० टक्के घसारा, रंगाच्या मटेरियलवर पण घसारा, वर १,००० कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः सोसायचे. जेमतेम तीन हजार मिळाले. आणि एनसीबी ५० वरून शून्य! परत शून्य, २०, २५, ३५, ४५ करत ५० ला पोचेपर्यंत याच ओन डॅमेजवर जास्तीचे किती जातात ते मी एक्सेलमध्ये काढलं, जीएसटी धरून ६,६६७. तीन हजारासाठी साडेसहा हजार घालवायचे.

झिरो डेप (घसारा न कापणारं ॲडऑन) घ्या म्हणेल कोणीतरी, तर अकरा वर्षांच्या गाडीला कोण देतंय.

माझी स्वतःची सँट्रो होती तिला मी दहाव्या वर्षापासून थर्ड पार्टीच ठेवलं. एक रुपयाचा तोटा झाला नाही.

---

निवृत्त_सर्वेअर

हिशोबी राव, बंपरचा हिशोब शंभर टक्के बरोबर, छोटे क्लेम करूच नयेत, त्या ताईंच्या बाबांनी केबल टाय बांधला ते आर्थिकदृष्ट्या योग्यच केलं 😄 पण तुम्ही सँट्रोचा हिशोब केलात, सँट्रोत बसणाऱ्यांचा नाही.

---

सिंहगडरोड

२५ जुलै २०२४. आमची पुण्यातली एकतानगरी. गाडी पार्किंगमध्ये उभी, मी झोपलेलो, पहाटे आरडाओरडा ऐकून खाली आलो तर जिन्यातच पाणी. गाडीचं फक्त छप्पर दिसत होतं. तेरा वर्षांची आय टेन, बायको दरवर्षी म्हणायची थर्ड पार्टी कर, मी आळसापायी मागची पॉलिसी तशीच रिन्यू करत आलो आणि तो आळस कामाला आला. दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस धरतात, आमची तशीच गेली, आयडीव्हीतून हजार रुपये कापून पैसे मिळाले.

चालवणारा म्हातारा का तरुण हा प्रश्नच येत नाही ना इथे, गाडी चालतच नव्हती. थर्ड पार्टीमध्ये पूर, चोरी, आग, झाड पडणं यातलं काहीच नाही. नाशिकला गोदावरी आहेच, इंदिरानगर उंचावर असेल तर माहीत नाही बाबा.

आणि बाबांना एक पक्कं सांगून ठेवा, पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारायचा नाही. मारला की इंजिन पाणी ओढतं, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि कंपनी म्हणते हे पुरामुळे नाही तुमच्या सेल्फमुळे झालं. इंजिन प्रोटेक्ट ॲडऑन असेल तर गोष्ट वेगळी पण जुन्या गाडीला तो सहसा मिळत नाही. आमच्या पार्किंगमधल्या दोघांनी मारला होता सेल्फ.

---

जावईबापू_साताऱ्याचे

सगळे प्रीमियमवर बोलताय, मी दुसरंच विचारतो. बाबांचं लायसन्स कधी बघितलंय?

आमचे सासरे, ७१, चाळीस वर्षं गाडी चालवतायत, कोणाला ओरखडा नाही. मागच्या वर्षी पोवई नाक्याजवळ एका ॲक्टिव्हाला धक्का लागला, त्यातल्या मुलाचं मनगट मोडलं आणि सासऱ्यांची गाडी वाचवायच्या नादात खांबावर. फुल इन्शुरन्स, झिरो डेप, सगळं होतं. क्लेम फॉर्म भरताना लायसन्स मागितलं तर ते चार महिन्यांपूर्वी संपलेलं. त्यांच्या डोक्यात अजून तेच की एकदा काढलं की वीस वर्षं. ओन डॅमेज सरळ रिजेक्ट, ४३,००० खिशातून. त्या मुलाच्या बाबतीत तर वकील म्हणाले की कंपनी आधी त्याला देईल आणि मग तुमच्याकडून वसूल करेल. पाच वर्षं नियमित प्रीमियम भरून हे.

नियम असा आहे की पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाचच वर्षांचं मिळतं. पूर्वी संपल्यावर ३० दिवस चालायचं, ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत काढून टाकली. संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो, आणि संपून वर्ष उलटलं तर परत टेस्ट द्यावी लागते. सत्तरीतल्या माणसाला आरटीओत आठ काढायला लावणं म्हणजे घरात महाभारत.

तुमचे बाबा ७४ चे म्हणजे ६९ ला केलं असेल तर हेच वर्ष बघा!!

---

चहा_आणि_चर्चा

+१ लायसन्सला. आमच्याकडे अजून भारी प्रकार होता. गाडी आईच्या नावावर, कारण तेव्हा लोन तिच्या नावाने स्वस्त मिळालं. आईला सायकल पण येत नाही. तरी दरवर्षी ओनर ड्रायव्हर पीएचे पैसे घेत होते, १५ लाखांचं कव्हर म्हणे. ते कव्हर मालकाचं, आणि मालकाकडे चालू लायसन्स असेल तरच. चालवणार भाऊ, कव्हर आईला, लायसन्स तिच्याकडे नाही, म्हणजे कव्हर कुणालाच नाही. पाच वर्षं भरले आम्ही.

वडील गेल्यावर गाडी तशीच त्यांच्या नावावर ठेवून चालवणारी पण चिक्कार घरं बघितलीत. पॉलिसी अशा वेळी तीनच महिने चालते किंवा तिची मुदत संपेपर्यंत, जे आधी होईल ते. तेवढ्यात आरसी आणि पॉलिसी दोन्ही नावावर करून घ्यायची. एनसीबी मात्र बायकोला किंवा मुलांना मिळतो, तो मागून घ्या, आपणहून कुणी देत नाही. (विषय जरा अशुभ झाला, सॉरी गोदाकाठची.)

---

बॉस्टनची_आत्या

तुमच्याकडे वय बघत नाहीत हे वाचून मजा वाटली. आमच्या इथे अमेरिकेत सगळा खेळ वयाचाच, आणि तोही राज्यागणिक वेगळा. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये ६५ झाल्यावर कायद्यानेच २५ टक्के सूट मिळते, माझ्या मिस्टरांनी वाढदिवसाच्या दिवशीच फोन लावलेला. न्यूयॉर्कला दीर राहतात, तिथे सहा तासांचा सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स केला की तीन वर्षं १० टक्के कमी, तो कोणत्याही वयात. इंग्लंडला नणंद आहे, तिथे सत्तरीला लायसन्स संपतं आणि मग दर तीन वर्षांनी परत, प्रीमियमही म्हातारपणी चढतो म्हणून ती रडत असते.

बाकी बाप माणसाला गाडी चालवू नका म्हणून सांगणं सगळ्या देशात सारखंच अवघड.

---

गोदाकाठची

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

जावईबापू, तुमचं वाचून लगेच आईला फोन केला. बाबांना कळू न देता लायसन्स बघ म्हटलं. पाकिटात नव्हतं, गाडीत नव्हतं. शेवटी देवघराच्या खालच्या कप्प्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात आरसी, तीन जुनी पीयूसी, माझं दहावीचं गुणपत्रक आणि लायसन्स. आईने फोटो पाठवला. मागच्या महिन्याच्या १९ तारखेला संपलंय.

आणि त्यानंतर ते सिन्नरला पण जाऊन आलेत.

---

हिशोबी_माणूस

बाप रे. आता मात्र माझी एक्सेल शीट मागे घेतो.

एक विचारायचं राहिलं, गाडी एवढी कमी चालते तर ते पे ॲज यू ड्राइव्ह बघितलं का? २०२२ पासून परवानगी आहे, किलोमीटर कमी तर ओन डॅमेज कमी.

---

निवृत्त_सर्वेअर

२,२६० वर वीस टक्के सुटले तरी साडेचारशे, राहू द्या. आणि किमीची मर्यादा लक्षात ठेवणार कोण, बाबा? लायसन्स लक्षात राहिलं नाही.

ताई, क्रम असा करा. पॉलिसी मुदतीच्या आत रिन्यू कराच, खंड पडला तर परत इन्स्पेक्शन, आणि ९० दिवसांच्या वर गेलं तर तुमचा ५० टक्के एनसीबी गेला. पण ओनर ड्रायव्हर पीए आत्ता घेऊ नका, तिथे चालू लायसन्स आहे असं लिहून द्यावं लागतं आणि ते खोटं होईल. लायसन्स आल्यावर पीए वेगळा घेता येतो, २०१९ पासून ती सोय आहे. लायसन्ससाठी फॉर्म १ए म्हणजे मेडिकल सर्टिफिकेट लागेल, एमबीबीएस डॉक्टरकडून. त्याच्या आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे नेऊन आणा, नुसतं सही करून देणारा डॉक्टर शोधू नका. डाव्या बाजूला दोनदा गेटचा खांब लागलाय म्हणालात ना? माझ्या नोकरीत एकाच बाजूला सारखे ओरखडे दिसले की मी मालकाला चष्म्याचं विचारायचो.

---

जावईबापू_साताऱ्याचे

आणि तोपर्यंत चावी आईंकडे!

---

गोदाकाठची

अपडेट देते, नऊ दिवस झाले.

शनिवारी नाशिकला आले. पॅकेज पॉलिसी केली, पीए न घेता, पॅसेंजरचे २५० आणि पेड ड्रायव्हरचे ५० टाकून जीएसटीसकट ५,४९२. एजंट काकांकडूनच केली, बाबांनी दुसरीकडून करू दिली नसती. टीपीपीडीच्या त्या चौकोनात खरंच टिक होती! मी बोट ठेवल्यावर काका म्हणाले अरे ते सिस्टीमने आपोआप आलं असेल. सर्वेअर काका तुम्हाला मनातल्या मनात नमस्कार केला तेव्हा.

डोळ्याच्या डॉक्टरकडे पण नेलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, चांगलाच पिकलेला. बाबा म्हणतात मला वाटलं काच धुरकट झालीय म्हणून मी दर आठवड्याला कोलीनने पुसत होतो. ऑपरेशन पुढच्या बुधवारी, मग महिनाभराने डॉक्टर सांगतील तेव्हा फॉर्म १ए आणि लायसन्सचा अर्ज. चालवायचं का नाही ते तेव्हा ठरवू असं मी म्हटलं, बाबा म्हणाले ठरवायचं काय त्यात.

तोपर्यंत गुरुवारच्या मठासाठी आणि सिन्नरसाठी शेजारच्या बिल्डिंगमधला ड्रायव्हर सांगितलाय, अर्ध्या दिवसाचे ५०० घेतो. चावी आईकडे आहे. पण रोज सकाळी सातला बाबा ती मागून घेतात, खाली जाऊन गाडी जागेवरच स्टार्ट करतात आणि पेपर वाचत दहा मिनिटं आत बसतात. आई गॅलरीतून बघत असते.

---

निवृत्त_सर्वेअर

बसू द्या, बॅटरीला चांगलंच आहे ते. फक्त गिअर न्यूट्रलला आहे ना तेवढं बघायला सांगा आईंना.